तीनदा, पाचदा, किंवा तुम्हाला वाटेल तसं

पाणी किती कोमट हवं हे नानी कोपर बुडवून बघायची. तान्ह्या बाळाच्या अंघोळीचं पाणी बघतात तसंच. घरात नवं बाळ आलं की तेच कोपर, आणि गावात कुणी बाईमाणूस गेलं की तेच कोपर. पाणी जास्त तापलं तर चुलीपाशी बसलेलीला ती सुनवायची, "बोलत नाही म्हणून तिला भाजत नाही असं नाय गो."

वाशिष्ठीच्या खाडीकाठी आमचं गाव. दोन वाड्या, एक मशीद, खाडीच्या अंगाला कबरस्तान आणि मधे माडांची रांग. घरटी एक तरी पुरुष गावाबाहेर. नानीच्या तरुणपणी ते आगबोटीवर खलाशी म्हणून जायचे, पुढं कुवेत, दोहा, दम्माम सुरू झालं. वर्षातले दहा-अकरा महिने गावात म्हातारे, शाळकरी पोरं आणि बायका एवढंच माणूस. बाहेरून पैसे यायचे, पत्रं यायची, नंतर नंतर आवाज भरलेल्या कॅसेटी यायच्या. पण रात्री कुणाला ताप भरला, कुणी अडली, कुणी गेलं, तर धावायला बायकाच. दीनाचं, म्हणजे धर्माचं, कामही त्यातच आलं. ते काम आहे असं मात्र कुणी म्हणत नव्हतं.

नानीला सगळा गाव खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा. दुपारनंतरची असरची नमाज झाली की तिच्या पडवीत कुराण ठेवायच्या रेहली मांडल्या जायच्या. मुलगे एका ओळीत, मुली दुसऱ्या. अलिफ जबर अ, अलिफ जेर इ, अलिफ पेश उ. तिचं शाळेतलं शिक्षण चौथीपर्यंत, मराठीतलं. अरबीचा अर्थ तिला येत नव्हता, पण कुठं थांबायचं, कुठं आवाज नाकातून काढायचा, ऐन हे अक्षर घशाच्या किती आतून यायला हवं, यात तिच्याकडून सूट नव्हती. चार वर्षं, चार महिने, चार दिवसांचं पोर तिच्यासमोर बसवून बिस्मिल्ला व्हायची आणि कुराणाचा तिसावा, शेवटचा सिपारा संपला की आमीन. आमीनच्या दिवशी पोराला नवे कपडे, गावाला खीर, नानीला एक साडी. माझ्या आठवणीत तिच्या पेटीतल्या निम्म्या साड्या दुसऱ्यांच्या पोरांच्या कुराणाच्या होत्या.

तिच्याच पडवीत अलिफ गिरवलेला एक मुलगा पुढं मदरशात गेला, आलिम होऊन आला आणि आमच्याच मशिदीत पेशइमाम झाला. नानीला त्याचं फार कौतुक. जुम्म्याचा खुतबा लाउडस्पीकरवरून ऐकू यायचा तेव्हा ती तांदूळ निवडता निवडता थांबायची आणि म्हणायची, "अजून काफ आणि क़ाफमधे घोळ घालतोय." मशीद तिच्या अंगणापासून शंभर पावलांवर होती. आयुष्यात ती आत गेली नाही. तिला कुणी अडवलं असंही नाही. तिनं विचारलं नाही, कुणी बोलावलं नाही, आणि आत बायकांनी उभं राहावं अशी जागाच नव्हती. तिचा डबा तेवढा रोज पायरीपर्यंत जायचा, इमामासाठी.

मी एकोणीस वर्षांची असताना तिनं मला पहिल्यांदा न्हाणाला नेलं. मय्यत आमच्या लांबच्या नात्यातल्या एका म्हातारीची. मी घाबरले होते, पण नानीनं हातात तांब्या दिला आणि घाबरायला वेळच ठेवला नाही. मागल्या दारी चादरींचा आडोसा. लाकडी तख्ता, तो डोक्याकडून थोडा उंच, म्हणजे पाणी वाहून जावं. पाण्यात बोरीची पानं उकळलेली. छातीपासून गुडघ्यापर्यंत एक जाड कापड, ते शेवटपर्यंत हलवायचं नाही. हाताला फडकं गुंडाळून कापडाखालून धुवायचं. जी बाई जन्मभर पदर सावरत राहिली तिचा पदर आता आपण सावरायचा. आधी वजूचे, म्हणजे नमाजेआधी धुतात ते अवयव, आधी उजवी बाजू, मग डावी. पोटावरून हलका हात, दाबायचं नाही. केस उलगडायचे, धुवायचे, विंचरायचे, तीन वेण्या घालायच्या आणि त्या पाठीमागं सोडायच्या. मग पाच कापडांचं कफन: लुंगी, कुर्ता, ओढणी, दोन चादरी. पुरुषाला तीन पुरतात.

"किती वेळा पाणी घालायचं?" मी विचारलं.

"तीन."

"तीनच?"

"नाय झालं साफ तर पाच."

"ते कसं कळायचं?"

"बघायचं." मग मान वर न करता, "डोळे आहेत ना तुला?"

शेवटच्या पाण्यात कापूर. तो नानीच्या ओढणीच्या टोकाला बांधलेला असायचा. कापूर पाण्यात पडला की काम संपलं. त्यानंतर काही विसरलं, राहिलं असं म्हणायची सोय नाही. म्हणून ती पुडी सोडायला तिला फार वेळ लागायचा. हात, पाय, बोटांची बेचकं, कानामागची घडी पुन्हा बघायची. आणि बाहेर आल्यावर बायकांनी विचारलं की एकच उत्तर: "चेहरा अगदी शांत होता हो." सगळ्यांचाच कसा शांत असेल, असं मी एकदा विचारलं. न्हाऊ घालणारीनं चांगलं दिसलं तर सांगावं, वाईट दिसलं तर पोटात ठेवावं, असा दंडक आहे, एवढंच ती म्हणाली. चाळीस वर्षांत गावातल्या बायकांच्या अंगावरचं तिनं काय काय पाहिलं असेल. टाके, भाजल्याचे डाग, बाळंतपणांनी फाटलेली पोटं, आणि घरच्यांनाही ठाऊक नसलेल्या गाठी. गावातल्या बायकांचं ते दफ्तर तिच्याबरोबरच गेलं.

एकदाच तिनं तो दंडक वाकवला. मी तिथं नव्हते, आईकडून ऐकलेलं. शेजारच्या वाडीत लग्न होऊन वर्ष झालेली एक पोर गेली. विहिरीवर पाय घसरला असं सांगितलं. पुरुषमंडळी घाईत होती, भरती लागायच्या आत तिच्या माहेरच्यांची होडी परत जायची होती. नानी आडोशाआड गेली, कापड सारखं केलं, आणि दोन मिनिटांत बाहेर आली. म्हणाली, "हिच्या आईला आत बोलवा." तिची आई आत गेली. दोघी बोलल्या नाहीत. नानीनं पाठीवरचं कापड नुसतं सरकवलं. मग बाहेर येऊन ओट्यावर बसली आणि जमातीच्या मोठ्यांना म्हणाली की पोलीस पाटील येऊन बघेपर्यंत मी पाण्याला हात लावणार नाही. तुमच्या बायकांपैकी कुणाला न्हाऊ घालायचं असेल तर घाला. कुणीही उठली नाही. दुपारपर्यंत मय्यत तशीच राहिली. बायका ओट्याभोवती बसून होत्या, पुरुष मशिदीच्या पायऱ्यांवर.

पाटील आला, पंचनामा झाला, पुढं काही झालं नाही. व्हायचं तेच झालं म्हणा. पण त्या घरात गावातलीच काय, आसपासच्या चार गावांतलीही मुलगी पुन्हा कुणी दिली नाही. आई हे सांगताना दर वेळी त्या ओट्यापाशी थांबते. तिला निकालापेक्षा ती दुपार महत्त्वाची वाटते. मलाही.

नानीकडे तेव्हा काय होतं? पद नाही, सनद नाही. जमातीच्या वहीत तिचं नाव वर्गणीच्या यादीत, तेही नवऱ्याच्या नावापुढं "बेवा", म्हणजे विधवा, लावून. पेशइमामाला पगार, बांग देणाऱ्याला थोडाफार, कबर खणणाऱ्याला मजुरी. तिला देऊ केलं असतं तर तिनं घेतलं नसतं हे खरंच. पण देऊ कुणी केलं नाही, हेही तितकंच खरं.

ती 1999 च्या पावसाळ्यात गेली. सांगून ठेवलं होतं की पाणी हिनं घालावं, म्हणजे मी. मी घातलं. कोपर बुडवून बघितलं. तीन वेण्या घातल्या. केस इतके विरळ झाले होते की तिसरी जेमतेम झाली. मग जनाजा उचलला गेला आणि आम्ही सगळ्या उंबऱ्यावर थांबलो. ज्यांना तिनं कधी शिकवलंही नव्हतं असे बाप्ये तिला खांदा देऊन कबरस्तानाकडे निघाले, आणि तिला शेवटचं हात लावणाऱ्या आम्ही भिंतीला टेकून पाऊस बघत बसलो. नमाज तिच्या त्या काफ-क़ाफवाल्या इमामानं पढवली. रडला म्हणे तो.

चाळिशी उलटल्यावर मी अरबी शिकायला लागले. मुंबईत, नोकरी सांभाळून, रविवारी सकाळी. कुराण पाठ होतं, अर्थ येत नव्हता, आणि पन्नाशीच्या आत तो यावा असा एक हट्ट. व्याकरणाच्या वहीत क्रियापदांचे तक्ते भरता भरता एके दिवशी बाईंनी बुखारींच्या संग्रहातली एक हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचन-वर्तनाची नोंद, फळ्यावर लिहिली. रसूलल्लाहंची लेक जैनब वारली, हिजरी 8 मधे. मदिनेतल्या ज्या बायका तिला न्हाऊ घालायला जमल्या त्यांत उम्मे अतिया होत्या, आणि पुढचं सारं त्यांनी सांगितलेलं आहे. रसूलल्लाह आत आले आणि म्हणाले: हिला तीनदा न्हाऊ घाला, किंवा पाचदा, किंवा तुम्हाला वाटलं तर त्याहून जास्त, पाण्यात बोरीची पानं घाला, शेवटच्या पाण्यात कापूर, झालं की मला कळवा. झाल्यावर त्यांनी आपल्या कमरेचं वस्त्र दिलं, हे तिच्या अंगाला लागून गुंडाळा म्हणून. उम्मे अतिया सांगतात, आम्ही तिच्या केसांच्या तीन वेण्या घातल्या आणि मागं सोडल्या.

मी वहीवर पेन ठेवून बसून राहिले. ही तर नानीची मागली पडवी. बोरीची पानं, कापूर, वेण्या, सगळं. तिनं ही हदीस कधी वाचली नव्हती. तिच्या खालानं तिला शिकवलं, तिला आणखी कुणी खालानं. हातातून हातात चौदाशे वर्षं.

बाईंना मात्र फळ्यावर व्याकरण शिकवायचं होतं. "तुम्हाला वाटलं तर" याखाली त्यांनी रेघ ओढली. इन रऐतुन्न. मराठीत "तुम्हाला" म्हटलं की समोर बाया आहेत की बाप्ये हे कळत नाही. अरबीत कळतं. पुरुषांना म्हणायचं असतं तर "रऐतुम" झालं असतं. हे "रऐतुन्न" आहे, स्त्रीलिंगी अनेकवचन. धातू "बघणे"चा. तुम्ही बायकांनी बघून ठरवा. लेक त्यांची, तरी किती वेळा हे त्यांनी तिथं उभ्या असलेल्या बायकांच्या नजरेवर सोडलं.

"डोळे आहेत ना तुला?" नानीनं याचं भाषांतर करून ठेवलं होतं, आणि मला वीस वर्षांनी मूळ वाक्य सापडलं.

त्यानंतर मी उम्मे अतियांच्या मागंच लागले. फार काही सापडत नाही, पण जे सापडतं ते सगळं कामाचं. रसूलल्लाहंबरोबर त्या सात मोहिमांना गेल्या. मागं तळावर राहायच्या, स्वयंपाक करायच्या, जखमा बांधायच्या, आजाऱ्यांकडे बघायच्या. पुढं बसऱ्याला राहिल्या, आणि तिथल्या नावाजलेल्या पुरुषांनी मय्यतीच्या न्हाणाची रीत त्यांच्याकडून घेतली. पुरुषांची मय्यत न्हाणाऱ्यांच्या विद्येतही ही बाई आहे. जनाज्यामागं जायला आम्हाला मना केलं होतं पण सक्ती केली नव्हती, असं सांगणारी हीच. म्हणजे आमच्या उंबऱ्याचा उगमही तिच्याच कथनात, आणि त्या उंबऱ्याला असलेली फटही. आणि तिसरी गोष्ट, जी आमच्या गावात कुणी कधी सांगितली नाही: ईदच्या दिवशी सगळ्या बायकांना, पडद्यातल्या तरुण मुलींना, इतकंच काय पाळी चालू असलेल्यांनाही ईदगाहवर आणावं, असा आम्हाला हुकूम होता. पाळी असलेल्यांनी नमाजेच्या जागेपासून बाजूला थांबावं, पण दुआत सामील व्हावं. एकीनं विचारलं, कुणाकडे अंगावर घ्यायला चादर नसेल तर? उत्तर आलं, मैत्रिणीनं आपली द्यावी.

या शेवटच्या वाक्यावर मी किती वेळा येते याला गणती नाही. चादर नाही म्हणून घरी थांब, असं उत्तर मिळालं नाही.

आता हे आजच्या कागदपत्रांशेजारी ठेवून बघा. 2019 मधे पुण्याचं एक दांपत्य सर्वोच्च न्यायालयात गेलं, बायकांना मशिदीत नमाज पढू द्यावी म्हणून. 2020 च्या जानेवारीत ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं प्रतिज्ञापत्र दिलं: इस्लामात बायकांना मशिदीत जायला मुभा आहे, फक्त जमातीनं, म्हणजे सगळ्यांबरोबर, किंवा जुम्म्याची नमाज पढणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. मी हे वाचून आधी हसले. मनाई नाही, हे तर नानीलाही ठाऊक होतं. मनाई नसलेल्या मशिदीत वजूची जागा एकच, दार एकच, चटया भिंतीपासून भिंतीपर्यंत पुरुषांच्या. मनाई असती तर भांडायला एक वाक्य तरी मिळालं असतं.

हाजी अलीला तसं वाक्य मिळालं होतं. लहानपणी मुंबईला आलो की आई आम्हाला तिथं न्यायची, ओहोटी बघून. त्या समुद्रातल्या वाटेवर माझी चप्पल एकदा वाहून गेली होती. मजारीच्या चादरीवर हात ठेवून आई कायकाय पुटपुटायची. आत जाण्यात काही विशेष आहे असं तेव्हा कुणालाच वाटत नव्हतं. मग 2011-12 च्या सुमाराला बायकांना मजारीपाशी जाण्याची बंदी आली. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या नूरजहाँ साफिया नियाज आणि झाकिया सोमण उच्च न्यायालयात गेल्या. ट्रस्टनं दिलेल्या कारणांत बायकांचे रुंद गळ्याचे ब्लाऊज होते, बायकांची सुरक्षितता होती, आणि हेही होतं की शरियतमधलं हे आम्हाला आधी ठाऊक नव्हतं, आत्ता कळलं. पाचेकशे वर्षं लोकांची ये-जा असलेल्या दर्ग्यात! 26 ऑगस्ट 2016 ला न्यायालयानं बंदी घटनेच्या 14, 15 आणि 25 या कलमांविरुद्ध ठरवली. ट्रस्टनं पुढं सर्वोच्च न्यायालयात बायकांना पुरुषांइतकंच आत येऊ देण्याची तयारी दाखवली आणि त्या नोव्हेंबरअखेर बायका आत गेल्या. मला यात निकालापेक्षा त्या "आत्ता कळलं"चं नवल वाटतं. जे बायकांच्या अंगवळणी होतं ते कागदावर नव्हतं, म्हणून एका बैठकीत पुसता आलं.

कागदावर असलं की काय होतं याचं एक उदाहरण मी वाचलं ते थेट चीनमधलं. हनान प्रांत आणि आसपासच्या मध्य चीनमधे हुई मुसलमानांच्या बायकांच्या स्वतंत्र मशिदी आहेत. सतराव्या-अठराव्या शतकात त्या मुलींच्या शाळा म्हणून सुरू झाल्या, आणि शाळांच्या हळूहळू मशिदी झाल्या. कैफंग शहरातली वांगजिया गल्लीतली मशीद 1820 ची. तिथं इमामत बाईच करते. तिला नू आहोंग म्हणतात. आहोंग म्हणजे आपला फारसी "आखुंद", मैलोन्‌मैल चालून झिजलेला. ती पुरुष इमामासारखी पुढं एकटी उभी राहत नाही, बायकांच्या ओळीतच मधोमध उभी राहते. शिकवते, सल्ला देते, भांडणं सोडवते, आणि गावातल्या बायकांच्या मय्यती न्हाऊ घालते. नानीचंच काम की! फक्त तिला त्या कामाचं नाव आहे, राहायला खोली आहे आणि जमात तिचा खर्च उचलते. त्याच देशाच्या वायव्येकडच्या मुसलमानांनी मात्र अशा मशिदींना बराच काळ विरोध केला. बायकांची वेगळी मशीद म्हणजे नवीच टूम असं त्यांचं म्हणणं. टूम दोनशे वर्षांची झाली तरी टूमच राहते, ती बायकांची असली की. आज तिथं सगळ्याच मशिदींवर सरकारचा डोळा आहे, तेव्हा हेवा जपूनच करावा.

सरकारनं दिलेल्या मानाबद्दल मी तशीही साशंक असते. मोरोक्कोनं 2003 च्या कासाब्लांका स्फोटांनंतर बायकांना मुर्शिदा म्हणून तयार करायला घेतलं, 2006 ला पहिल्या पन्नास जणी बाहेर पडल्या. मशिदीत, तुरुंगात, दवाखान्यात जाऊन त्या बायकांशी बोलतात, इमामत मात्र करत नाहीत. पगारी, शिकलेल्या, मानाच्या. पण त्यांना नेमणारा हात राजाच्या दरबाराचा आहे, आणि त्यांना नेमण्यामागं आधी बॉम्बची भीती आहे, बायका नंतर. नानीनं ओट्यावर बसून जे केलं ते करायची मोकळीक मुर्शिदेला असेल का, हा माझा प्रश्न आहे.

इंडोनेशियाबद्दल मला जरा जवळीक वाटते, आणि तिचं कारण समुद्र आहे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. महाराष्ट्रातले बाकीचे बहुतेक हनफी. आमचा मजहब, म्हणजे धर्मशास्त्राची परंपरा, घोड्यावरून आला नाही, गलबतातून आला. अरबस्तानच्या किनाऱ्यावरून जे वारे कोकणात आणि मलबारात लागले तेच पुढं सुमात्रा-जावाला. बायकांनी बायकांच्या नमाजेची इमामत करावी, ओळीत मधोमध उभं राहून, हे शाफईंना मान्य आहे. माझ्या आईला साठी उलटेपर्यंत हे कुणी सांगितलं नव्हतं. तर तिकडे जावात, चिरबोनच्या एका पसांत्रेनमधे, म्हणजे आपल्याकडच्या राहत्या मदरशासारख्या ठिकाणी, 2017 च्या एप्रिलमधे स्त्री उलेमांची परिषद भरली. तो पसांत्रेन चालवणारीही बाईच, न्याई मसरिया अम्वा. तीन दिवसांनी त्यांनी रीतसर फतवे दिले: लैंगिक हिंसेविरुद्ध, बालविवाहाविरुद्ध, निसर्गाच्या नासाडीविरुद्ध. कुराण, हदीस, फिकह म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, देशाची घटना आणि बायकांचा अनुभव, हे सगळं समोर ठेवून. अनुभव हा पुरावा म्हणून! 2019 मधे त्या देशानं मुलींच्या लग्नाचं किमान वय सोळावरून एकोणीस केलं. ते केवळ यांच्यामुळं झालं असं म्हणणं भाबडेपणाचं ठरेल. न्यायालय होतं, इतर संघटना होत्या. पण त्या फतव्यांबद्दल वाचताना मला ती विहिरीवर पाय "घसरलेली" पोर आठवली. तिच्या पाठीवर जे होतं ते एका बाईनं बघितलं, आणि ते फिकहच्या कुठल्याही वहीत जाऊ शकलं नाही.

आमच्या चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई. 18 एप्रिल 1966 ला सात मुसलमान बायकांना घेऊन त्यांनी मुंबईत मोर्चा काढला, तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध. सात. आमच्या गावात त्यांचं नाव कुजबुजीत घ्यायचे, त्यांनी ईश्वर-धर्म सारंच सोडलं म्हणून. 1977 ला ते गेले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार कुठलाही विधी न करता दहन झालं. बातमी गावात आली, पुरुषांत बरंच काही बोललं गेलं. नानीनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "न्हाऊ तरी घातलं ना त्याला?" आई म्हणते, त्यात ना राग होता ना टोमणा. मला दलवाईंचं धाडस पटतं आणि त्यांनी सोडलेलं सगळं सोडवत नाही. या दोहोंच्या मधे जिथं मी उभी आहे तिथं नानीचा तो प्रश्नही आहे.

आई 2019 मधे हजला जाऊन आली, महरमशिवाय, म्हणजे सोबत नवरा, भाऊ, मुलगा असं कुणी न घेता. आदल्याच वर्षापासून पंचेचाळीसपुढच्या बायकांना, ज्यांच्या मजहबाला ते मान्य आहे अशांना, चौघींचा गट करून जायची मुभा हज कमिटीनं दिली होती. शाफईंना मान्य आहे! इतक्या वर्षांनी आमचा मजहब असा कामाला आला. चौघीही आमच्याच तालुक्यातल्या, सगळ्यांत धाकटी अठ्ठावन्नची. काबाभोवती बाया-बाप्ये एकाच गर्दीत फिरतात, मधे ना भिंत ना पडदा, हे तिनं फोनवर तीनदा सांगितलं. परत आल्यावर पहिल्या जुम्म्याला ती सवयीनं तयार होऊन दारापर्यंत गेली आणि थांबली. मग चपला काढून ठेवल्या. म्हणाली, "तिथं अल्लाच्या घरात चालतं, इथं मोहल्ल्यात नाही."

बायकांनी पुरुषांचीही इमामत करावी का, हा वाद मी टाळते असं माझ्या मैत्रिणी म्हणतात. अमेरिकी अभ्यासक अमिना वदूद यांनी 2005 मधे न्यूयॉर्कमधे ते केलं; जागा एका चर्चच्या आवारात मिळाली. मी त्यांना चूक म्हणणार नाही. रसूलल्लाहंच्या काळातल्या उम्मे वरका यांना घरच्यांची इमामत करायला रसूलल्लाहंनी सांगितल्याची हदीसही आहे, तिच्या अर्थावरून शतकानुशतकं खल चालू आहे. आईचं मत विचारलं तर ती म्हणाली, "पुढं कोण का उभं राहीना. मला मागं उभं राहायला तरी जागा द्या." मी आईच्या मागच्या ओळीत.

2020 साली आमच्या इमारतीतल्या दोन बायका करोनात गेल्या. त्यांना पाणी घालता आलं नाही. पिशवी बंद होऊन आली, तशीच गेली. बोरीची पानं आणून ठेवली होती ती दोन दिवसांनी मी कुंडीत टाकली. त्याबद्दल यापेक्षा जास्त मला लिहिता येत नाही.

आता फोन मला येतात. नाव सेव्ह नसलेले नंबर, बहुतेक पहाटेचे. "आपा, येता का?" ओढणीच्या टोकाला कापूर बांधायची माझी सवय नाही, मी एका प्लास्टिकच्या डबीत पुडी ठेवते. गेल्या थंडीत वरच्या मजल्यावरच्या आजी गेल्या तेव्हा माझी भाची घरी होती. बावीस वर्षांची, फिजिओथेरपी शिकते. माणसाच्या अंगाची तिला भीती नाही, मय्यतीची होती. मी तिच्या हातात मग दिला. तांब्या आता कुणाकडे असतो?

फ्लॅटच्या बाथरूममधे तख्ता मावत नाही, म्हणून गच्चीवर चादरी बांधल्या होत्या. खालून ट्रॅफिकचा आवाज. तिनं कोपर बुडवून पाणी बघितलं. हे तिला मी शिकवलेलं नाही, तिच्या आईनं शिकवलं असणार. उजवी बाजू, डावी बाजू. तिसरं पाणी झालं तशी मी डबीतून पुडी काढली आणि उघडली.

"झालं का, खाला?" तिनं विचारलं.

"तू बघ."

ती वाकली. कानामागं बोट फिरवलं, पायाच्या बोटांची बेचकं एकेक करून उलगडली, नखांशी थांबली. बराच वेळ लावला. बाहेरून कुणीतरी जनाजा आल्याचं सांगितलं, तिनं मान वर केली नाही.

"अजून दोनदा," ती म्हणाली.

मी पुडी परत मिटली.